चौदा किलोमीटरचा रस्ता आणि वर्षाला तीन किलोमीटरचे पैसे

एका सरपंचांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा : "राज्य महामार्गावरच्या फाट्यापासून आमच्या गावापर्यंत १४ किलोमीटरचा प्रमुख जिल्हा मार्ग आहे. मधे चार गावं, आमचं शेवटचं. रुंदी पावणेचार मीटर, डांबर जागोजाग उखडलेलं. वर्षाला अडीच-तीन किलोमीटरचाच निधी पडतो. काम दरवेळी फाट्याकडून सुरू होतं आणि आमच्यापर्यंत येईस्तोवर पहिला तुकडा पुन्हा खड्ड्यात जातो. सगळा रस्ता एकदम होणार नाही हे कळतं. पण तुकडे पाडायचेच तर कसे पाडावेत? सुरुवात कुठून? गावापुरतं काँक्रीट मागावं का? आणि साडेपाच मीटर रुंद करून घ्यावा का?"

सरपंच, नमस्कार. एकतीस वर्षं मी रस्त्याच्या कामांवर काढली, त्यातली बरीचशी मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत. तुमच्यासारखे रस्ते केले, आणि तुम्ही म्हणता तसे ते बिघडलेलेही पाहिले. त्यातल्या काहींच्या अंदाजपत्रकावर सही माझीच होती.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो, मग फोड करतो. तुकडे किलोमीटरने पाडू नका, कामाने पाडा. पहिल्या वर्षी पूर्ण चौदा किलोमीटरचं पाणी काढा. पुढची दोन-तीन वर्षं जिथं रस्ता खालून कमजोर आहे तेवढ्याच लांब्या मजबूत करा, त्याही गावाकडच्या टोकाकडून. डांबराचा वरचा थर सगळ्यात शेवटी, सलग लांबीवर घ्या. आत्ता होतं ते बरोबर याच्या उलट. फाट्यापासून तीन किलोमीटर माती, खडी, डांबर सगळं एकदम पूर्ण होतं, फीत कापली जाते आणि पुढच्या अकरा किलोमीटरचं पाणी तसंच मुरत राहतं.

असं का होतं त्याला थोडा इतिहास आहे. १९४३ च्या नागपूर योजनेत देशातल्या रस्त्यांची राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग अशी उतरंड लावली गेली. पुढे लखनौ योजनेने त्यातले राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग 'दुय्यम' वर्गात टाकले. वाडी-वस्तीला जोडणाऱ्या रस्त्यांना डिसेंबर २००० पासून प्रधानमंत्री ग्राम सडक योजना मिळाली, महाराष्ट्रात २०१५ पासून मुख्यमंत्री ग्राम सडक योजनाही आली. वरच्या महामार्गांचं तर विचारूच नका. मधला भाऊ राहिला तो तुमचा प्रमुख जिल्हा मार्ग. त्याला दरवर्षी अर्थसंकल्पातून थोडे, नाबार्डच्या कर्जातून थोडे, दुरुस्तीच्या शीर्षातून थोडे असे पैसे येतात. म्हणजे तुकडे पडणार हे ठरलेलंच. ते शहाणपणाने पाडायचे की नुसते मोजपट्टीने, एवढंच आपल्या हातात.

पहिलं काम फुकट आहे. येत्या जुलैत चांगला पाऊस लागला असताना दोघं-तिघं जण छत्र्या घेऊन हा रस्ता चालत जा. गाडीतून नाही, पायी. वहीत चौदा पानं करा, एका किलोमीटरला एक. पाणी कुठं रस्त्यावर उभं राहतं, कुठं आडवं ओलांडतं, कुठली मोरी तुंबली आहे आणि कुठं नालीच नाही, ते लिहा. शंभर-शंभर मीटरची खूण किलोमीटरच्या दगडापासून पावलांनी मोजली तरी चालेल. उन्हाळ्यात केलेली पाहणी रस्त्याची अर्धीच गोष्ट सांगते. मे महिन्यात खड्डा दिसतो, तो कशामुळे पडला ते जुलैत दिसतं. माझा अनुभव असा की चौदा किलोमीटरच्या रस्त्यावर खरी दुखणी एकूण चार-पाच किलोमीटरचीच निघतात, फक्त ती विखुरलेली असतात. बाकी लांबी वरून खडबडीत दिसते, पण खालून धडधाकट असते. तिच्यावर नवी खडी टाकणं म्हणजे पैसे पुरून ठेवणं.

खालून धडधाकट आहे की नाही हे कसं कळणार? खड्डा खणून. शाखा अभियंत्यांना विनंती करा की दर पाचशे मीटरला, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, डांबराच्या कडेला मीटरभर लांब-रुंद खड्डा घ्या. असा खड्डा घेतला की त्याच्या भिंतीत रस्त्याचा सातबाराच वाचायला मिळतो. एका कामावरचा खड्डा मला अजून आठवतो. वरून कार्पेटचे, म्हणजे डांबरमिश्रित बारीक खडीच्या पातळ पापुद्र्याचे, चार थर, एकावर एक चिकटलेल्या पोळ्यांसारखे. दोन थरांच्या मधे बोटभर लाल माती, कारण जुना रस्ता न झाडताच त्यावर नवं डांबर टाकलेलं. त्याखाली यंत्राची खडी. आणि तळाला एकसारखी, धारदार, हाताने फोडलेली खडी, घट्ट बसलेली, पहारीला दाद न देणारी. कामावरचा म्हातारा मैलकुली, म्हणजे रस्त्याच्या देखभालीचा मजूर, म्हणाला, "साहेब, ही बहात्तरची. ही माझ्या आईनं फोडलेली." १९७२ च्या दुष्काळी कामावर मराठवाड्यात असे कितीतरी रस्ते झाले, आणि त्यांची ती खालची खडी आजही अनेक ठिकाणी शाबूत आहे. जिथं ती सापडेल तिथं उकरू नका.

खड्ड्याच्या तळाशी माती किती दम धरते हे बघायला एक साधं उपकरण असतं, डीसीपी म्हणतात त्याला. आठ किलोचा हातोडा ५७५ मिलिमीटरवरून दांड्यावर सोडायचा आणि खालचा सुळा एका घावाला किती मिलिमीटर आत जातो ते मोजायचं. घावाला २० मिलिमीटर गेला तर मातीचा सीबीआर, म्हणजे ओझं पेलायची ताकद सांगणारा आकडा, १० च्या आसपास, म्हणजे चांगली. ५० मिलिमीटर गेला तर ३-४, म्हणजे ही माती पावसाळ्यात दगा देणार. काळ्या मातीचा सीबीआर चार दिवस पाण्यात भिजवून काढला की बहुतेक वेळा २ ते ४ च्या मधेच येतो. उन्हाळ्यात तीच माती विटेसारखी टणक असते, म्हणून डीसीपी पावसाळा संपता संपता करायला सांगा. मेमधला आकडा खोटं बोलतो.

आता पाणी. तुमचा पहिल्या वर्षीचा सगळा पैसा इथं घालायला सांगतोय, म्हणून जरा थांबून सांगतो.

रस्ता तीन वाटांनी भिजतो. वरून, म्हणजे डांबराला पडलेल्या भेगांतून. बाजूने, म्हणजे तुंबलेल्या नालीतून. आणि खालून, म्हणजे ज्या शिवारातून तो जातो तिथलं पाणी वर चढल्यामुळे. आपल्याकडे सगळा जोर पहिल्या वाटेवर असतो, कारण डांबर डोळ्याला दिसतं. प्रत्यक्षात तुमच्यासारख्या रस्त्यांचं जास्त नुकसान बाजूची नाली करते. आणि नाली कोण बुजवतं? कंत्राटदार नव्हे, आपणच. प्रत्येक वावराकडे उतरायला शेतकरी नालीत चार ट्रॉल्या मुरूम टाकतो आणि बैलगाडी-ट्रॅक्टरला वाट करतो. त्याची गरज खरी आहे. पण असा प्रत्येक उतार म्हणजे नालीतला एक बंधारा. किलोमीटरमधे असे दहा-पंधरा बंधारे पडले की दोन्ही बाजूंना लांबट तळी तयार होतात आणि रस्ता मधे जुलै ते ऑक्टोबर पाय भिजवत उभा राहतो. उपाय स्वस्त आहे. नाली काढतानाच प्रत्येक वावराच्या तोंडाशी दीडफुटी सिमेंटचा नळ टाकून त्यावर उतार करून द्यायचा. अंदाजपत्रकात हे 'शेतरस्त्याचे नळ' म्हणून आधीच धरायला लावा. नंतर कोणी टाकत नाही. ग्रामसभेत हे काम तुम्हीच करू शकता. अभियंता शेतकऱ्याला "नाली बुजवू नको" म्हणाला तर भांडण होतं, सरपंचाने नळ देऊन सांगितलं तर होत नाही.

त्याच दमात दुसरी गोष्ट. विहिरीवरून पलीकडच्या वावरात पाइपलाइन न्यायला रस्ता आडवा फोडतात. नवं डांबर पडलं की महिन्याभरात पहिली चर खणली जाते. म्हणून काम सुरू होण्याआधी ग्रामपंचायतीने दवंडी द्यावी : ज्याला पाइप आडवा न्यायचा असेल त्याने आत्ता सांगावं. तेवढ्या ठिकाणी रस्त्याखालून रिकामे नळ टाकून ठेवायचे आणि दोन्ही टोकांना दगड रोवून खूण करायची. अशा पंधरा-वीस नळांना जो खर्च येतो तो एका पॅचच्या कामापेक्षा कमी असतो.

मोऱ्यांच्या बाबतीत एवढंच सांगेन की लहान नळ घेऊ नका. एक मीटर व्यासाच्या नळात माणूस वाकून शिरतो आणि गाळ काढतो, सहाशे मिलिमीटरच्या नळात शिरत नाही, आणि मग तो नळ कायमचा बुजतो. मोरीची लांबीही आजच्या पावणेचार मीटर रस्त्याला मोजून धरू नका. उद्या साडेपाच मीटर व्हायचा असेल तर मोरी आजच तेवढी लांब करून ठेवा. रस्ता टप्प्याने रुंद होतो, मोरीला टप्पा नसतो. ती दोनदा बांधावी लागली तर दुसऱ्या वेळी निम्मा पैसा पहिली फोडण्यातच जातो.

आता सुरुवात कुठून, या प्रश्नाकडे येतो. इथं मी स्वतः तोंडघशी पडलो आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका सोळा किलोमीटरच्या रस्त्याचं काम मी फाट्याकडून सुरू केलं. कारण सोपं होतं : फाटा जवळ, वर्दळ जास्त, साहेबांची गाडी तिथूनच जाते. तीन किलोमीटर सुरेख झाले. खडी क्रशर फाट्याच्या बाजूला होता. पुढच्या तीन वर्षांत उरलेल्या तेरा किलोमीटरची सगळी खडी, मुरूम, डांबरमिश्रण माझ्या त्या सुरेख तीन किलोमीटरवरून गेलं. शेवटचा किलोमीटर पूर्ण झाला तेव्हा पहिल्यावर चाकोऱ्या पडल्या होत्या.

तुमच्या रस्त्याचा हिशेब करून दाखवतो. पावणेचार मीटर रुंदीचा, दबाई करून ७५ मिलिमीटर भरणारा खडीचा एक थर घ्यायचा म्हटलं तर किलोमीटरला साधारण १२० ते १४० ब्रास खडी लागते. दोन थर म्हणजे अडीचशेच्या घरात. पुढच्या अकरा किलोमीटरपैकी समजा सहाच किलोमीटरला दोन थर लागले, तरी दीड हजार ब्रास झाले. हायवात, म्हणजे मोठ्या टिपरमधे, चार-पाच ब्रास धरा : तीनशे ते पावणेचारशे भरलेल्या खेपा. मुरूम, चुरी आणि डांबरमिश्रण वेगळंच. आणि भरलेली गाडी रस्त्याला किती त्रास देते याचं गणित सरळ नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक चालवून जे प्रयोग झाले त्यातून निघालेला ठोकताळा असा की आसावरचं ओझं दुप्पट झालं तर नुकसान सोळापट. आपल्याकडे रस्त्याचं संकल्पन ८.१६ टनांच्या आसाला धरून होतं. २०१८ पासून मागच्या चार चाकी आसाला कायद्यानेच ११.५ टनांची मुभा आहे. असा कायद्यात बसणारा एक आससुद्धा धरलेल्या आसाच्या जवळपास चौपट झीज करतो. खडीची गाडी कायद्यात बसते का, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

म्हणून नियम असा : क्रशर आणि डांबराचा प्लांट ज्या बाजूला, त्याच्या विरुद्ध टोकाकडून पक्कं काम करत या. तुमच्या बाबतीत ते टोक म्हणजे तुमचंच गाव, तेव्हा मी तुमची बाजू घेतोय असं बाकीच्या चार गावांना वाटेल. त्यांना हा खेपांचा हिशेब दाखवा. आणि फाट्याकडच्या लोकांना पहिल्या वर्षीच नाल्या-मोऱ्या आणि नीट भरलेले खड्डे मिळाले तर ते तक्रार करत नाहीत. खड्डे नीट भरणं म्हणजे काय, तेही सांगतो. कडा चौकोनी कापायच्या, आतला चिखल काढायचा, झाडायचं, इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर, शिंपडायचं आणि ते तपकिरीचं काळं होईपर्यंत थांबायचं, मगच माल टाकायचा. तपकिरी असताना टाकलेला माल पहिल्या पावसात पापुद्र्यासारखा निघतो. हा एक रंग ओळखायला शिकलात तर कामावर तुमचं अर्धं लक्ष पोचलं म्हणून समजा.

दुसरा टप्पा कमजोर लांब्यांचा. काळ्या जमिनीतल्या तुकड्यांवर आपल्याकडे एक चूक पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. रस्त्याच्या रुंदीएवढंच खोदतात आणि त्यात मुरूम, खडी भरतात. दोन्ही बाजूंना काळी माती तशीच. असा बांधला की तो रस्ता राहत नाही, हौद होतो. वरून झिरपलेलं पाणी मुरमात साठतं, बाजूची काळी माती ते बाहेर जाऊ देत नाही, आणि जड गाडी गेली की खालून चिखल वर येतो. मुरमाचा थर बाजूपट्ट्यांच्या खालून थेट नालीच्या उतारापर्यंत न्यायला हवा, म्हणजे पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते. याने मुरूम जास्त लागतो, अंदाजपत्रक फुगतं आणि वरून कुणीतरी तो कापायला सांगतं. कापू देऊ नका. त्यापेक्षा त्या वर्षी तीनऐवजी दोन किलोमीटर करा.

मुरूमही बघून घ्या. थोडा भिजवून मुठीत दाबा. हाताला चिकटून लाडू वळला तर तो मुरूम नाही, मातीच आहे. प्रयोगशाळेत याला प्लास्टिसिटी इंडेक्स म्हणतात आणि तो ६ च्या वर नको. चांगला मुरूम लांब असेल तर काळ्या मातीतच वजनाच्या ३ ते ५ टक्के चुना मिसळून ती सुधारता येते. चुन्याने माती फुगणं कमी होतं, दम वाढतो. मात्र चुना नीट मिसळायला हवा, ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरने ते जमतं, आणि त्याच दिवशी दबाई करून आठवडाभर ओल ठेवायला हवी. ज्याला हे वेळेवर जमणार नाही अशा कंत्राटदाराच्या हाती चुना देऊ नका. मी दोनदा पाहिलं, चुन्याची पोती उघड्यावर भिजून दगड झाली होती.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढे कोणीतरी सुचवेलच : "यंदा खडीकरण करून ठेवू, डांबर पुढच्या वर्षी." यात अर्धं खरं आहे. भराव उंच असेल तर मातीकामाने एक पावसाळा जरूर खावा, ती बसते आणि मग पक्कं काम टिकतं. पण उघडी खडी पावसाळ्यात ठेवणं वेगळं. ट्रॅक्टरची चाकं बारीक माल उडवतात, मग मोठी खडी सुटी होते, आणि दिवाळीनंतर डांबर टाकायला गेलात की खडी पुन्हा दाबून, भर घालून घ्यावी लागते. ती भर कोणाच्या बिलात, यावर सहा महिने जातात. म्हणून खडीचा वरचा थर सुरू केला तर त्याच हंगामात त्यावर डांबर पडलंच पाहिजे. पडणार नसेल तर मुरमावर थांबा.

आणि डांबराबद्दल एक गैरसमज. २० मिलिमीटरचं कार्पेट आणि त्यावरचा सीलकोट हा रस्त्याचा रेनकोट आहे, हाडं नव्हेत. तो ओझं पेलत नाही, पाणी अडवतो. कमजोर रस्त्यावर नवं कार्पेट टाकून तो मजबूत झाला असं मानणं म्हणजे फ्रॅक्चर झालेल्याला नवा सदरा घालणं. म्हणूनच तो शेवटी, आणि सलग. पाचशे-पाचशे मीटरचे तुकडे वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या माणसांनी केले की प्रत्येक जोडावर एक उंचवटा, एक भेग, आणि त्या भेगेतून पुढच्या वर्षीचा खड्डा. जोड करावाच लागला तर जुना थर सरळ रेषेत उभा कापून त्याला नवा भिडवायचा, वर चढवून निमुळता करायचा नाही.

रस्त्याला मधे उंच, कडांना उतार हवा हे सगळ्यांना माहीत आहे, मोजत कोणी नाही. गवंड्याकडची पाण्याची नळी घ्या. पावणेचार मीटर रस्त्याच्या मध्यापेक्षा डांबराची कड साधारण साडेपाच-सहा सेंटिमीटर खाली हवी. दोनच सेंटिमीटर निघाली तर तिथं पाणी थांबणार. आणि बाजूपट्टी त्याहून जास्त उताराची हवी. बहुतेक ठिकाणी ती गवताने आणि धुळीने डांबरापेक्षा उंच झालेली असते, मग रस्त्यावरचं पाणी नालीत जाणार कसं? दिवाळीआधी एकदा या पट्ट्या खरवडून घेणं ही वर्षातली सगळ्यात स्वस्त दुरुस्ती. पूर्वी मैलकुल्यांच्या टोळ्या हे फावड्याने करायच्या. आता टोळ्या उरल्या नाहीत, जेसीबीवाला येतो आणि कधीकधी डांबराची कडच उचकटून जातो, त्याच्यावर लक्ष ठेवा.

साडेपाच मीटर रुंदीकरण. आधी वाहनं मोजा. सलग तीन दिवस, दिवसरात्र, आणि मोजणी ऊस तोडणीच्या हंगामात करा, म्हणजे दोन ट्रेलरवाले ट्रॅक्टर त्यात धरले जातील. पावसाळ्यातल्या मोजणीत तुमचा रस्ता गरीब दिसतो आणि त्याला पातळ थर मिळतात. आकडे रुंदीकरणाच्या बाजूने आले तर पावणेदोन मीटरची वाढ शक्यतो एकाच बाजूला घ्या. दोन्ही बाजूंना मीटरभराहूनही अरुंद अशी निम्मी-निम्मी पट्टी काढली तर त्या चरात रोलर उतरतच नाही. एक चाक जुन्या टणक रस्त्यावर, एक नव्या मालावर, आणि दाब सगळा जुन्यावर. पहिल्याच पावसाळ्यानंतर जुन्या-नव्याच्या सांध्यावर लांबलचक भेग पडते आणि कड खचते. पावणेदोन मीटर एकाच बाजूला मिळाले तर रोलर आत चालवता येतो. जुन्या कडेला पायऱ्यांसारख्या खाचा घेऊन नवा माल त्यात गुंतवायचा. यात रस्त्याचा मध्य सरकतो, म्हणून नवा उंचवटा वरच्या थरात पुन्हा साधावा लागतो. कुठल्या बाजूला वाढवायचं हे अतिक्रमण कुठं कमी आहे यावरून ठरतं, ते तुमच्या हातात. वर्दळ बेताचीच असेल तर दर काही अंतरावर समोरासमोर गाड्या निघायला रुंद जागा आणि पक्क्या मुरमाच्या बाजूपट्ट्या एवढंही पुरतं.

काँक्रीट सगळ्या रस्त्याला मागू नका, गावठाणापुरतं जरूर मागा. गावातून जाताना न्हाणीचं, गोठ्याचं पाणी बारा महिने रस्त्यावर येतं आणि डांबर पाण्याला टिकत नाही. पण दोन अटी. जुना रस्ता खणून काँक्रीट खाली बसवा. वरच्या वर ओतलं तर रस्ता घरांच्या उंबऱ्यापेक्षा वर जातो आणि पावसाचं पाणी ओसरीत शिरतं, मग लोक रस्त्याला शिव्या देतात आणि कधीकधी फोडतातही. दुसरी, गटार आधी, काँक्रीट नंतर. दर चार-साडेचार मीटरवर आडवे सांधे वेळेत कापले आहेत ना आणि किमान दोन आठवडे त्यावर पाणी उभं आहे ना, एवढं बघायला गावातली दोन रिकामी माणसं पुरतात. ती प्रत्येक गावात असतात.

कागदाचं थोडं. खर्चाची दोन शीर्षं तुमच्या कानावर पडतील : ३०५४ हे देखभाल-दुरुस्तीचं महसुली, ५०५४ हे नव्या बांधकामाचं भांडवली. नाल्या साफ करणं, पट्ट्या खरवडणं, खड्डे भरणं पहिल्यातून मागा. मोऱ्या, मजबुतीकरण, रुंदीकरण दुसऱ्यातून. मागणीपत्रात "किमी ० ते ३ ची सुधारणा" असं लिहिण्याऐवजी "किमी ० ते १४ मधील मोऱ्या, नाल्या व निवडक लांबीतील मजबुतीकरण" असं लिहून बघा. सोबत पावसातली ती चौदा पानं जोडा. साखळी क्रमांकासह, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं नेमकं अंतर देऊन, लिहिलेल्या मागणीला 'बघू' म्हणून परत पाठवणं कठीण जातं.

आणि ग्रामपंचायतीत एक वही ठेवा. कुठल्या साखळी क्रमांकापासून कुठपर्यंत कोणतं काम, कुठला थर, कोणत्या तारखेला, दोषदायित्वाची मुदत, म्हणजे बिघडलं तर कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची मुदत, कधीपर्यंत. एकाच रस्त्यावर चार वर्षांत पाच कंत्राटदार येऊन गेले की कुठला खड्डा कोणाच्या मुदतीतला हे कोणालाच सांगता येत नाही, आणि मग मुदतीतला खड्डा सरकारी पैशाने भरला जातो. एकदा एका ठिकाणी अशाच एका वहीमुळे त्याच चारशे मीटरचं दुसऱ्यांदा होऊ घातलेलं काम थांबलं होतं. वही चहाच्या टपरीवाल्याने ठेवलेली होती.

राहिला तुमच्या पत्रातला शेवटचा मुद्दा, नवव्या किलोमीटरच्या ओढ्यावरची फरशी, म्हणजे पुराचं पाणी वरून जाऊ देणारा बुटका पूल. तिथं तुम्ही उंच पूल मागताय. वर्षातून दोन-चारदा, दोन-तीन तास पाणी वरून जात असेल तर उंच पुलाच्या आग्रहापायी बाकीचा रस्ता अडवून ठेवू नका. पूल वेगळ्या प्रस्तावात, नाबार्डच्या कर्जातून जाऊ द्या, तो आपल्या गतीने होईल. तोवर फरशीच्या खालच्या बाजूला पाण्याने पोखरलेली जागा मोठ्या दगडांनी भरून घ्या, कारण फरशी वरून वाहणाऱ्या पाण्याने जात नाही, मागून पोखरल्याने जाते. आणि दोन्ही कडांना पांढरे-काळे पट्टे मारलेले खांब उभे करा, पाणी किती चढलं हे रात्री दुचाकीच्या उजेडातही दिसेल असे. त्याला कुठल्याही शीर्षाची वाट बघावी लागत नाही, ग्रामपंचायतीच्या पैशातून या पावसाळ्याआधी होतं.